दीड वाजताचं जेवण

डबा सकाळी साडेसातला भरला जातो आणि दुपारी दीडला उघडला जातो. मधल्या सहा तासांत आतल्या अन्नाचं काय होणार, याचा विचार आपल्या स्वयंपाकात फारसा नसतो. पोळी, भाजी, आमटी, भात सगळं गरमागरम ताटात वाढायचं म्हणून केलेलं असतं आणि त्यातलंच थोडं डब्यात जातं. मुंबईने ही अडचण माणसं लावून सोडवली. महादू हावजी बच्चे यांनी 1890 मध्ये शंभरेक जणांना घेऊन डबे पोचवायला सुरुवात केली, त्यामुळे डबा घरातून उशिरा निघाला तरी चालू लागलं. पुढे बाकीच्यांच्या मदतीला मायक्रोवेव्ह आला.

माझ्या मदतीला दोन्ही नाहीत. बँकेच्या बदलीने मला एच. डी. कोट्यात आणलं. म्हैसूरहून मानंदवाडीकडे निघालं की पन्नासेक किलोमीटरवर हे तालुक्याचं गाव लागतं. पुढे कबिनीचं धरण आणि नागरहोळेचं जंगल. कर्जाच्या पाहणीसाठी नाचणीच्या, कापसाच्या, आल्याच्या शेतांवर जावं लागतं आणि पुष्कळदा जेवण होतं ते तिथेच एखाद्या झाडाखाली. इथलं खरं जेवण म्हणजे रागी मुद्दे, नाचणीचा वाफाळता गोळा. तो सारात बुडवून गरम असतानाच गिळायचा. डब्यात नेला तर दगड. तेव्हा गार खाण्यासाठीच काही रांधावं लागणार हे उघड होतं, आणि ती विद्या सगळ्यात नेटकेपणाने जपानी लोकांनी बांधून ठेवली आहे. म्हणून मी बेंतो भरायला लागलो.

बेंतो म्हटलं की लोकांना अस्वलाच्या तोंडाचा भात आणि फुलं कापलेली गाजरं आठवतात. तो हौसेचा भाग झाला. कामावर नेण्याचा बेंतो फार साधा असतो आणि त्याचा पाया भात. जपानी तांदूळ गार झाल्यावरही मऊ राहतो, कारण त्याच्या पिष्टात अमायलोज कमी असतं. बासमतीत ते जास्त, म्हणून त्याची शितं दुपारपर्यंत ताठरतात. आपल्याकडे या कामाला इंद्रायणी उत्तम. आंबेमोहर आणि आयआर-8 यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात ती तयार झाली. चिकटपणा आणि वास तिने आंबेमोहराकडून घेतला. पुण्याहून येताना मी ती पोत्याने आणतो. कोमट भात ओल्या हाताने, मीठ लावून, त्रिकोणी दाबायचा आणि पोटात जवसाची किंवा सुक्या खोबऱ्याची चटणी भरायची. झाली ओनिगिरी. इथल्या सोना मसुरीची ओनिगिरी वळत नाही. तिचं चित्रान्न करावं. तेल शितांना सुटं ठेवतं आणि लिंबू चव राखतं.

दुसरा धडा ओलाव्याचा. गरम अन्नावर झाकण लावलं की वाफेचं पाणी होऊन ते अन्नावरच टपकतं. वडी भिजते, भात चिकचिकतो आणि लवकर आंबतो. जपानी घरांत म्हणून आधी सगळं गार करतात, मग झाकण. मी भात परातीत पसरून पंख्याखाली ठेवतो. गार करायचा तो झटपट. शिजल्यानंतरही भातात टिकून राहणारे जंतू कोमट भातातच वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. उन्हाळ्यात ताकाची छोटी बाटली रात्री बर्फ करून डब्याला चिकटून ठेवतो. दीडपर्यंत डबाही थंड राहतो आणि ताकही पिण्याजोगं होतं.

उकडलेल्या पालेभाजीला पाणी सुटू नये म्हणून जपानी बायका ती पिळून तिला कुटलेले तीळ लावतात. आपलं दाण्याचं कूट नेमकं हेच करतं. काकडीला मीठ लावून, घट्ट पिळून, कुटात घोळवली की खमंग काकडी दुपारपर्यंत कोरडी राहते. गार पदार्थाची चव मंद लागते, म्हणून मीठ-तिखट किंचित चढं हवं. फोडणी तेलाची, तूप गार झालं की टाळूला चिकटतं.

प्रमाणाचा हिशेब आहारतज्ज्ञ आदाची मियुकी यांच्या पद्धतीत फार सोपा आहे: डब्याचे सहा भाग धरले तर तीन भाग भात, एक भाग मासा, अंडं किंवा डाळीचा पदार्थ आणि दोन भाग भाज्या. असा गच्च भरला तर डबा जितक्या मिलिलिटरचा, साधारण तितक्या कॅलरी पोटात जातात. गच्च हा शब्द महत्त्वाचा. आधी भात एका कडेला, मग मोठे तुकडे, शेवटी फटीफटीत लहानसहान. एसटीच्या खड्ड्यांवर मोकळ्या जागेचा काला होतो. मधल्या भिंतींसाठी केळीच्या पानाच्या पट्ट्या विस्तवावर शेकून घेतो. मग त्या वाकतात, फाटत नाहीत. डाळीच्या पदार्थाच्या त्या एका भागासाठी मराठी स्वयंपाकात तयार माल भरपूर आहे: पाटवडी, अळूवडी, कोथिंबीरवडी. गार होऊनही आकार धरणारे हे सगळे पदार्थ जणू बेंतोसाठीच जन्मले आहेत. डिसेंबर-जानेवारीत इथे अवरेकाईचा हंगाम असतो. तिच्या सोललेल्या दाण्यांची कोरडी उसळ आपल्या डाळिंब्यांची बहीण शोभते.

भाताच्या मधोमध उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, हे जपानी डब्याचं जुनं रूप. त्याच्या आंबटपणाने भात टिकतो म्हणतात, पण तो गुण त्याला टेकलेल्या शितांपुरताच. कर्नाटकातला पुळियोगरे त्यापेक्षा हुशार: चिंच, तेल आणि मीठ प्रत्येक शिताला लागलेलं. प्रवासाला तोच नेतात. उमेबोशीच्या जागी मी ताकात मुरवलेलं माकळी बेराचं लोणचं ठेवतो. जंगलातल्या एका वेलीच्या मुळांचं हे लोणचं. वास अनोळखी माणसाला दचकवणारा, पण एकदा जमलं की सुटत नाही. म्हैसूर तसं टिकाऊ अन्नाचंच गाव. तिथे 1950 मध्ये केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आली आणि 1961 मध्ये संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळा. सैनिकांसाठी महिनोन्‌महिने टिकणाऱ्या चपात्या या प्रयोगशाळेने केल्या. मला सहा तासच पुरतात.

एका बाबतीत मात्र मी जपानी नियम मोडतो. बेंतो एका माणसाचा असतो. इथे डबा उघडला की शेजारचा शेतकरी विचारतो, "ऊट आयता, सर?" म्हणजे जेवण झालं का, आणि स्वतःच्या गाठोड्यातली रोट्टी पुढे करतो. माझ्या डब्यातून काही न देणं शोभत नाही. म्हणून वड्या जास्तीच्या असतात आणि चमच्याशिवाय उचलता येतील अशाच कापलेल्या असतात.

हे सगळं परकं वाटत असेल तर आपली जुनी शिदोरी आठवा. दशमी दुधात भिजवायची ती टिकावी म्हणून. धपाटं, भाकरी, लसणाची चटणी, कांदा, सगळं गार खाण्यासाठीच केलेलं. ते शहाणपण आपण गरम डब्याच्या नादात बाजूला ठेवलं. जपानी डबा विकत आणायची गरज नाही, पोळीच्या स्टीलच्या डब्यातही हे सगळं होतं. फक्त सकाळी गॅसपाशी उभं राहताना भूक दीडची धरा आणि झाकण लावण्याआधी दहा मिनिटं थांबा.