विडीचा खोकला

सिन्नरच्या आमच्या गल्लीत दुपारभर कात्र्यांची कचकच चाले. टेंभुर्णीचे पान भिजवायचे, मापाने कापायचे, चिमूटभर तंबाखू भरून वळायचे, दोऱ्याने बांधायचे. मजुरी हजार विड्यांवर. माझ्या वसतिगृहाचा खर्च त्याच हजारांतून निघाला. प्रार्थनेच्या वेळी पाचव्या शीलाशी माझा आवाज आपोआप खाली येई.

गल्लीत खोकला सगळ्याच बायकांना होता, म्हणून तो कोणाला आजार वाटला नाही. ‘विडीचा खोकला’, एवढेच. आईचे वजन घटले तेव्हा कुठे थुंकी तपासली, क्षयरोग निघाला. सहा महिन्यांच्या गोळ्यांनी ती बरी झाली. पण त्याआधीचे किती महिने ती सुपावर वाकून खोकत होती, आणि सुट्टीत मी तिच्याच शेजारी झोपत होतो.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास सरकारी दवाखान्यात थुंकी मोफत तपासतात. निक्षय पोषण योजनेत २०१८ साली रुग्णाला दरमहा ५०० रुपये मिळू लागले, नोव्हेंबर २०२४पासून १०००. तरीही बायका जात नाहीत, कारण दवाखान्यात गेलेला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. परवा शेजारच्या मावशींना मीच घेऊन गेलो. रांगेत बसताच त्यांनी पिशवीतून पाने आणि कात्री काढली.