उसनी हलगी

आमच्या कोल्हापूरकडं कुस्तीचं मैदान हलगीशिवाय भरत नाही. हलगी, घुमकं आणि कैताळ, असा तिघांचा मेळ. हलगीचं कातडं पाचटाच्या जाळावर शेकलं की ताणतं, मग टिपरू पडलं की आवाज पार शिवेवर जातो. पण नुसता आवाज म्हणजे हलगी नव्हे. पैलवानांची खडाखडी चालू असते तोवर ती सावकाश वाजते. एकानं पट काढला की वाजवणाऱ्याचा हात आपोआप पळतो. त्याची नजर हलगीवर नसतेच, आखाड्यावर असते.

आमच्या गावच्या हलगीवाल्या आबांनी चाळीसेक वर्षं असं वाजवलं. माझा पुतण्या लॅपटॉपवर गाणी करतो. त्यानं एकदा आबांना आमच्या सोप्यात बसवलं, दारं लावून घेतली आणि माईकपुढं तासभर वाजवायला लावलं. त्यातले चांगले तुकडे कापून ठेवले. त्याला सॅम्पल म्हणतात. एकच तुकडा पुन्हा पुन्हा जोडत गेलं की अख्ख्या गाण्याचा ठेका तयार. आबांना चहा झाला, शंभराची नोट झाली.

पुढच्या जत्रेला पालखीपुढं डीजे आला. पुतण्याचंच गाणं लागलं. आबा गर्दीत माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी कान दिला आणि हळूच म्हणाले, "ह्यो माझा हात हाय." त्या वर्षी त्यांना कुणी सुपारी दिली नव्हती. आबांचीच हलगी आबांच्या पोटावर आली होती.

रात्री मी पुतण्याला विचारलं. त्यानं बाजू मांडली, ती काही खोटी नव्हती. "काका, स्टुडिओ तासावर पैसं घेतो. धा वाजवणारी बलवायची म्हटलं तर माझं गाणं व्हायचंच न्हाई. आणि तुकडा केवढा? पाच सेकंदांचा. जगभर असंच चालतंय."

मग त्यानंच अमेरिकेतली गोष्ट सांगितली. १९६९ साली 'द विन्स्टन्स' या बँडची 'आमेन, ब्रदर' अशी एक रेकॉर्ड निघाली. त्यात मधेच सहा-सात सेकंद नुसता ड्रम आहे, ग्रेगरी कोलमन नावाच्या माणसानं वाजवलेला. पुढं तेवढाच तुकडा उचलून लोकांनी हजारो गाणी केली.

"मग त्या कोलमनला काय मिळालं?"

पुतण्या जरा थांबला. "काय न्हाई. २००६ साली वारला. ऱ्हायला घरसुदीक नव्हतं त्याला."

तुकडा लहान म्हणून देणं लहान होत नाही, हे शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. पेरणीला बी कमी पडलं तर आमच्यात शेजाऱ्याकडनं उसनं आणायचे. त्यात कमीपणा नव्हता. रान आपलं, राबणं आपलं, पीकही आपलंच. पण सुगीला ते बी सवाई करून परत जायचं, आणि कुणाचं होतं हे चारचौघांत सांगायचे. पुतण्याचं गाणं पुतण्याचंच. चाल त्याची, जुळणी त्याची. बी मात्र आबांचं.

मी त्याला म्हणालो, गाण्यावर आबांचं नाव टाक, आणि पैसे मिळतील त्यात त्यांचा वाटा लिहून दे. त्यानं वहीच्या पानावर लिहिलं. आबांनी सही केली आणि म्हणाले, "वाटा दे, चांगलंच हाय. पर त्या डब्यातल्या हलगीला येक सांग. पालखी वेशीत अडली, खांदेकरी दमलं, की तिनं हात आवरावा."

त्याला पुतण्याकडं उत्तर नव्हतं.

हल्ली तो नवं गाणं करताना आबांना आधी चाल ऐकवतो, मगच माईक लावतो. वेळ जास्त जातो. जुने तुकडेही अजून वापरतो, पण सांगून. आबा म्हणतात, "आता कशापायी वाजवतोय, ते तरी कळतंय."