पक्कड, सुरी आणि नाकाबंदी

शहापूर-मुरबाडकडे हत्यार म्हटलं की कोयता. कमरेच्या आकडीला लटकवून माणूस खुशाल एसटीत चढतो, कुणी वळूनही पाहत नाही. माझा शौक मात्र घडीच्या मल्टीटूलचा.

टिम लेदरमन हा अमेरिकी माणूस १९७५ मध्ये जुन्या फियाटमधून युरोप फिरत होता. गाडी सारखी बिघडे आणि खिशातल्या चाकूला पक्कड नव्हती. त्यातून १९८३ मध्ये त्याचं पहिलं टूल बाजारात आलं.

सध्या जीव दोघांत अडकलाय. लेदरमन वेव्ह प्लस: वजन २४१ ग्रॅम, सुरी एका हाताने उघडते, तार कापायची पाती झिजली तर बदलता येतात. व्हिक्टोरिनॉक्सचा स्पिरिट त्याहून हलका, आणि देखणा तर आहेच. पण विहिरीवरच्या मोटारीच्या कामात दोघंही तापरियाच्या साध्या पकडीपुढे फिके. मूठ पोलादी, करंट अडवणारं आवरण नाही. वीज चालू असताना यांना हात लावायचा नाही.

अम्मीचा मुद्दा वेगळाच. "नाकाबंदीत खिसा तपासला तर? आणि मग नाव विचारलं तर?"

कायदा मला पाठ आहे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं शस्त्र कायद्यात येतं, घरची-शेतीची अवजारं त्यातून वगळलेली. वेव्हचं पातं तीन इंचांच्या आत. पण रात्री नाक्यावर मोजपट्टी कोण काढतो? कोयतेवाल्या शेजाऱ्याला हा हिशेब करावा लागत नाही.

तर वेव्हच घेतोय. खिशात मात्र नाही, बाईकच्या डिकीत, पान्यांच्या पिशवीत, मोटार दुरुस्तीच्या बिलबुकाशेजारी.