'सेव्ह' झालं, पण काम झालं का?

सहाव्या सेमिस्टरनंतरच्या सुट्टीत मी अंबडच्या एका कंपनीत आयटी हेल्पडेस्कवर ट्रेनिंगला होतो. काम काय, तर तक्रारींची तिकिटं बघायची. कुणाचा प्रिंटर बंद, कुणी पासवर्ड विसरलेला. तिसऱ्या आठवड्यात सरांनी पहिलं 'खरं' काम दिलं. डिस्पॅचची तिकिटं नव्या ग्रुपकडे वळवायची. चेंज रिक्वेस्ट भरली, मंजुरी आली, टेस्ट सर्व्हरवर मस्त चाललं. संध्याकाळी मुख्य सर्व्हरवर तोच बदल केला, सेव्ह दाबलं, हिरवी पट्टी आली. 'यशस्वी' असं लिहून चेंज बंद केला आणि हॉस्टेलला येऊन झोपलो.

सकाळी बघतो तर काय! रात्री डिस्पॅचचा लेबल प्रिंटर बंद पडलेला, गाडी पहाटेपर्यंत गेटवर उभी. रात्रपाळीच्या काकांनी वेळेवर तिकीट टाकलं होतं. पण ते कुणाला दिसलंच नाही, कारण त्या ग्रुपमध्ये एकही माणूस नव्हता! टेस्टवर मी माझं नाव टाकलं होतं, इथे विसरलो. वर "कळवलं का नाही?" म्हणून बोलणी काकांनाच बसली होती.

गप्प राहिलो असतो तर खपलं असतं. पण काकांचा चेहरा बघवेना. जाऊन सांगितलं, "सर, चूक माझी."

सर रागावले नाहीत. म्हणाले, "सेव्ह झालं हे सॉफ्टवेअरने सांगितलं. काम झालं हे कोणी सांगितलं? एक खोटं तिकीट टाकून बघायचं होतंस."

मोठ्यांचंही असंच होतं बरं का! १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष कॉन्फिगरेशन फाईलमुळे जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीन कोलमडली. आपल्याकडे विमानतळावर हाताने बोर्डिंग पास लिहावे लागले. फाईल तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्येच दोष होता, आणि ती टप्प्याटप्प्याने न देता सगळीकडे एकदम गेली.

आमच्या मेसच्या मावशी मात्र कधी चुकत नाहीत. भाजीत मीठ टाकलेलं पक्कं आठवत असलं, तरी थेंबभर रस्सा तळहातावर घेऊन चाखतातच. मग पातेलं बाहेर येतं.

मित्रांनो, आता मीही आधी चाखतो. 'यशस्वी' नंतर लिहितो.