फुगवट्यातली होडी

परभणीत राहून होडीची सहल आखतोय म्हटलं की लोक आधी हसतात. कोकणात जा, भंडारदऱ्याला जा, गेलाबाजार नाशिकला तरी जा. अरे, पण नाशिकचीच गोदावरी पुढे आपल्याकडे येते ना? १४६५ किलोमीटरच्या या नदीचा एक चांगला लांब तुकडा पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांच्या वाट्याला आलाय. आमच्याकडे तिला गोदावरी कुणी म्हणत नाही, 'गंगा' म्हणतात. 'गंगेवर गेलतो' याचा अर्थ दहाव्याला, अस्थी घेऊन, नाहीतर पर्वणीच्या आंघोळीला. नुसतं फिरायला कुणी गंगेवर गेलं, असं निदान आमच्या घरात तरी घडलेलं नाही.

पुण्यात नोकरीला असलेल्या मित्राने हवा भरायची, दोन माणसांची कनू घेतली. पिशवीत मावते, एसटीतही नेता येते. ती घेऊन तो दिवाळीला येणार म्हटल्यावर मी नकाशा उघडून बसलो. नकाशात नदी सलग निळी दिसते. तसं काही नसतं.

जायकवाडीच्या खाली गोदावरी ही खरं तर पायऱ्यापायऱ्यांची नदी आहे. एकामागे एक बंधारे. आमच्या जिल्ह्यात ढालेगाव, तारुगव्हाण, मुदगल, मुळी, दिग्रस. पावसाळ्यात यांचे दरवाजे वर असतात आणि वरून धरणाचं पाणी कधी सुटेल ते काठावरच्यांनाही ऐन वेळी कळतं. सप्टेंबर २०२५ मध्ये तिने काय केलं ते मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. पाऊस सरला की दरवाजे पडतात, पाणी अडतं, मागे फुगवटा तयार होतो. उन्हाळ्यापर्यंत पिकं आणि नळ मिळून तो पिऊन टाकतात. म्हणजे होडीसाठी उरले नोव्हेंबर, डिसेंबर, फार तर जानेवारी.

त्यातही भरवसा नाही. दिग्रसचं पाणी खाली विष्णुपुरीत, नांदेडसाठी सोडायचं की नाही यावरून आमच्याकडे भांडणं होतात. अजून खाली बाभळीचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवा, असं २०१३ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं. नदी कधी वाहणार याच्या तारखा कोर्टात ठरतात. मी रविवार ठरवायचा म्हणजे विनोदच.

पहिला बेत मोठा होता. मुदगलला नदीच्या पात्रातलं महादेवाचं देऊळ बघून निघायचं आणि संध्याकाळी गंगाखेडला, जनाबाईच्या गावी उतरायचं. कागदावर फार देखणा. पण फुगवट्यात धार नसते, नदी तुम्हाला नेत नाही. प्रत्येक मीटर वल्हं मारून काढायचा. आमच्यासारखे नवखे तासाला तीन किलोमीटर गेले तरी खूप. हिवाळ्यात वारा बहुतेक पूर्वेकडून, नदीही जाते पूर्वेलाच, म्हणजे दुपारनंतर वारा छातीवर. आणि पावणेसहाला सूर्य बुडतो. वाटेत बंधारा आला की होडी उचलून काठाने पलीकडे न्यायची ते वेगळंच. बेत आखडला: गंगाखेडच्या खाली, दिग्रसच्या फुगवट्यात, सकाळी सातला पाण्यात, एकला बाहेर. बंधाऱ्याच्या जवळपासही जायचं नाही.

काठावरच्या एका भोईकाकांना विचारलं. ते थर्माकोलच्या चप्पूवर बसून जाळी टाकतात; त्यांच्यापुढे आमची कनू म्हणजे चैनच.

“मासे बी नाई धरायचे? मंग कशाला जायलात?”

“असंच, काका. नदी बघायला.”

ते काही हसले नाहीत. मोटारी दाखवल्या. दोन्ही काठांना शेतकऱ्यांचे पंप, पाण्यात पाइप, आणि पाइपाशेजारी केबली. “काठाकाठानं जाऊ नका. आन् मधी माजी जाळी हायेत, ती तुडवू नका.” एक जाळं फाटलं तर त्यांचा आठवडा जातो. मी त्यांना सोबत येता का म्हणून विचारलं. दिवसाची मजुरी सांगितली त्यांनी, रास्त होती. आता ते पुढे चप्पूवर, आम्ही मागे.

राहिली आई. तिचं माहेर गंगथडीचं. तिच्या वर्गातली एक मुलगी सोमवती अमावास्येला आंघोळीला उतरली, गुडघाभर पाण्यात उभी होती, एक पाऊल पुढे टाकलं आणि गेली. वाळू उपसून झालेला खड्डा होता. वरून पाणी सपाटच दिसतं. आई पोहायला शिकली नाही, मलाही कधी नदीत सोडलं नाही. मी पोहायला शिकलो ते शहरातल्या टँकमध्ये, तीही तिच्या नकळत घेतलेली फी. तिला मी वेळापत्रक दाखवलं, काकांचा नंबर दिला, कुठे चढणार कुठे उतरणार ते नकाशावर दाखवलं. तिने नकाशा मोठा करून तिचं गाव शोधलं. बराच वेळ बघत होती.

मग म्हणाली, “काकांना जाकीट आहे का?”

नव्हतं. आमची दोनच मागवली होती. मी तिसरं मागवलं.