भीमा-नीरेच्या मधल्या मुलखात : काटेवाडी, भिगवण, इंदापूर

शुक्रवार, काटेवाडी

बारामती-इंदापूर रस्ता आता ओळखू येत नाही. तुकोबांच्या पालखीची ही वाट चौपदरी झाली, कागदोपत्री तिला राष्ट्रीय महामार्ग ९६५ जी असं नाव मिळालं, आणि काटेवाडी इतक्या लवकर येते की कंडक्टरनं आवाज दिला तेव्हा माझी पिशवी अजून वरच्या फळीवर होती.

गावात कुणाशीही बोलायला लागा, दोन गोष्टी न विचारता सांगितल्या जातात. हे पवारांचं गाव, आणि इथं मेंढ्यांचं रिंगण होतं. पहिली सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. दुसरीसाठी वारीत यावं लागतं. बारामतीचा मुक्काम हलवून पालखी इथं विसाव्याला येते. परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या अंथरतात, आणि मेंढपाळ आपले कळप पालखीभोवती गोल पळवतात. पुढं बेलवाडीला घोड्यांचं रिंगण बघायला लोट उसळतो, पण मेंढ्यांचं रिंगण इथलंच.

आत्ता मार्चात यातलं काही नाही. आहे तो ऊस, आणि उसाच्या मुळाशी नीरेचं पाणी. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर इंग्रजांनी नीरा डावा कालवा खोदला आणि कऱ्हेकाठच्या कोरड्या रानाचं नशीब पालटलं. इंदापूर तालुक्याची दक्षिणेकडची बाजू या कालव्यावर जगते. उत्तरेची बाजू शंभर वर्षं तशीच कोरडी राहिली, आणि मग १९८० च्या सुमारास तिच्या दारात समुद्र आणून ठेवला गेला. तो समुद्र उद्या बघायचा आहे.

सहलीचं पत्रक संध्याकाळी हातात पडलं. एका दिवसात बस आणि बोट, वाटाड्या सोबत, जेवण धरून. वर मोठ्या अक्षरांत 'लेकसाइड टाउन्स', देवनागरीतच. भिगवणला लेकसाइड टाउन म्हणणाऱ्याच्या हिमतीला दाद द्यायला हवी. खाली दोन फोटो : पाण्यावर पसरलेले गुलाबी फ्लेमिंगो, आणि चिखलातून वर आलेलं पळसनाथाचं देऊळ.

शनिवार, भिगवण-कुंभारगाव

मिनीबस उजाडायच्या आत निघाली. वाटाड्या काटेवाडीचाच पोरगा, शेतीची पदवी घेतलेला, सगळ्यांना काका-काकू म्हणणारा. सोबत कोल्हापूरचं शिक्षक जोडपं, हातभर लेन्स मांडीवर घेऊन बसलेलं पुण्याचं एक कुटुंब, आणि पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक अभियंता. या गृहस्थांनी पुढची सीट धरली आणि दिवसभर सोडली नाही. पुढं कळलं की ते होते म्हणून दिवस सार्थकी लागला.

बारामतीला वळसा घालून भिगवणच्या रस्त्याला लागलो. मदनवाडीच्या तलावापाशी दहा मिनिटं थांबून चहा झाला. भिगवणच्या मासळी बाजारात लिलाव जोरात होता. चिलापीचे ढीग, मधून रोहू-कटला, एका टोपल्यात वळवळणारी वाम, आणि बर्फ फोडण्याचा आवाज असा की बोली ऐकूच येत नव्हती. अभियंता काका म्हणाले, "ही चिलापी म्हणजे पुण्याच्या सांडपाण्यावर वाढलेलं पीक आहे." कोल्हापूरच्या काकूंनी तोंडाला पदर लावला. काकांच्या बोलण्यात थोडी अतिशयोक्ती होती, पण थोडीच. मुळा-मुठा भीमेला मिळते आणि दोन शहरांचं पाणी घेऊन भीमा इथं येऊन थांबते. काठाला पाण्यावर हिरवी साय असते, जलपर्णी असते. मात्र पाणी कमी करायचं म्हटलं तर कुणालाही चालत नाही.

कुंभारगावला जॅकेटं चढवून होडीत बसलो. नावाडी पन्नाशीचे, सगळे त्यांना तात्या म्हणत होते. मासेमारी करता करता ते पक्षी दाखवणारे झाले, आणि आता ब्लॅक-हेडेड आयबिस, ग्रे हेरॉन ही नावं त्यांच्या तोंडून भाकरी-कोरड्यासाइतक्या सहज येतात. पुस्तकात फ्लेमिंगोला रोहित म्हणतात, हे मी त्यांना सांगितलं. "असंल," म्हणाले.

पक्षी होते. नदी सुरय होते, चमचे होते, खुंटावर पंख वाळवणारे पाणकावळे होते. पट्टकादंब मात्र हिमालयापलीकडं परत निघून गेले होते. आणि फ्लेमिंगो? फार लांब, एका उथळ पट्टीवर, मोजके. लेन्सवाल्यांनी लेन्स लावली, काढली, पुन्हा लावली.

"तात्या, एवढेच?"

"यंदा पाणी लई हाय, ताई. चिखल उघडा पडला तर ती पाखरं उतरणार. आजून प्लसमधीच हाय धरण."

हे प्लस-मायनस प्रकरण या तालुक्यात लहान पोरालाही कळतं. बाहेरच्याला कळत नाही, म्हणून काकांनी होडीतच वर्ग घेतला. भिंत इथून बरीच खाली, माढा तालुक्यात उजनीला. यशवंतसागर हे जलाशयाचं सरकारी नाव. पूर्ण भरला तर सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट. त्यातलं ६३ टीएमसीहून अधिक मृत साठ्यात मोडतं, आणि ज्याला उपयुक्त म्हणायचं ते जेमतेम साडेत्रेपन्न. टक्के मोजायचे ते या वरच्या साडेत्रेपन्नाचे. ते संपलं की शून्य, आणि शून्याखाली मायनस. बहुतेक धरणांत मृत साठा तळाशी थोडका असतो. उजनीत निम्म्याहून जास्त पाणी मृत, आणि तरी सगळे त्याच्यावर जगतात. म्हणून इथं धरण 'संपलं' असं कधी होत नाही, ते मायनसमध्ये जातं. २०२४ च्या जूनमध्ये ते उणे साठच्या घरात होतं. त्याच ऑगस्टच्या सुरुवातीला पूर्ण भरलं.

"आणि इंदापुरात पाऊस किती झाला होता तेव्हा?" कोल्हापूरच्या गुरुजींनी विचारलं.

"इथल्या पावसाचा काय संबंध?" काका म्हणाले. "सह्याद्रीत पडतो, पुणे जिल्ह्यातली धरणं भरतात, ती सोडली की हे भरतं. इथं आभाळाकडं कोण बघतो? खडकवासल्याकडं बघतात."

म्हणजे आमच्या पत्रकावरचे दोन्ही फोटो मायनसमधले. फ्लेमिंगोंना उथळ पाणी आणि उघडा गाळ लागतो, देवळाला तर पाणी पार खालीच जावं लागतं. सहलीचं साल चांगलं गेलं तर समजावं, सोलापूरच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी आणि काठच्या उसाला विकतचे पाइप. लेन्सवाल्या पुणेकरांना हे पटलं असावं, कारण नंतर त्यांनी तक्रार केली नाही. पण जेवताना जरा गप्पच होते.

जेवण गावातच, एका घराच्या ओसरीवर. माशाचा तिखट रस्सा, तळलेली चिलापी, बाजरीची भाकरी. शिक्षक जोडप्याचा शनिवार, त्यांना पिठलं. सांडपाण्याचा विषय काढायचा नाही असं आम्ही आपसांत ठरवलं आणि मीही दुसऱ्यांदा रस्सा घेतला.

शनिवार दुपार, पळसदेव

बसनं सोलापूर रस्त्याला लागून पळसदेव. आत्ताचं गाव हमरस्त्याला लागून आहे, घरं सरळ रेषेत. जुनं गाव भीमेकाठी होतं, ते पाण्याखाली गेलं. उजनीनं पुणे, सोलापूर आणि नगर या तीन जिल्ह्यांतली गावं बुडवली. डिकसळचं उदाहरण घ्या. १८५८ च्या डिसेंबरात पुण्याहून निघालेली रेल्वे डिकसळपर्यंत आली होती. सोलापूरला ती पोचली १८६० मध्ये. म्हणजे काही महिने डिकसळ हे या दिशेला रेल्वेचं शेवटचं टोक होतं, मालगाड्या आणि बैलगाड्या यांची गाठ पडायची जागा. आज डिकसळ म्हटलं की फ्लेमिंगो.

काठावरून दुसऱ्या होडीत बसलो. बऱ्याच आत गेल्यावर नावाड्यानं इंजिन बंद केलं.

"हितं खाली देऊळ."

सगळे दोन्ही बाजूंनी वाकले तशी होडी कलली आणि नावाडी ओरडले. खाली हिरवट पाणी, दुसरं काही नाही. मग त्यांनी मोबाइल काढला : २०२४ चा उन्हाळा, भेगाळलेल्या गाळात उभं पळसनाथाचं जुनं देऊळ, वर चढत गेलेलं शिखर, आणि भोवती मोटारसायकली. लोक सहकुटुंब आले होते. आइस्क्रीमची गाडी सुद्धा आली होती म्हणे. गावच्या म्हाताऱ्यांनी नातवंडांना आपली घरं कुठं होती ते चालत दाखवलं.

"तुमचं घर?"

"तिकडं. बाभळीपास्नं जरा अल्याड." बाभळ अर्थातच दिसत नव्हती. "इहीर व्हती आमची, बारा परस. त्या उन्हाळ्यात बघायला गेलो तर गाळानं भरल्याली."

कोल्हापूरच्या काकूंनी पाण्याला हात जोडले. त्यांनी ज्या दिशेला जोडले तिकडं देऊळ नव्हतं, नावाड्यानं हळूच दिशा दुरुस्त केली.

मी विचारलं की पुन्हा देऊळ वर यावं असं वाटतं का. माझा प्रश्न भाबडा होता, आणि उत्तर व्यवहारी. देऊळ वर आलं की त्यांचा होडीचा धंदा संपतो, लोक चालत जातात. पाणी मागं सरलं की शेतावरच्या मोटारी पुढं सरकवायच्या, पाइप वाढवायचे, केबल वाढवायची. आणि चोरी होते म्हणून राखायला रात्री तिथंच झोपायचं. "देव काय, नव्या देवळात आणलाच हाय की," ते म्हणाले आणि इंजिन सुरू केलं.

शनिवार, कळाशी ते इंदापूर

पत्रकात कळाशीहून पलीकडं कुगावला होडीनं जायचं लिहिलं होतं. वाटाड्यानं ते सकाळीच रद्द केलं होतं : दुपारनंतर वारा वाढतो. कुणी हुज्जत घातली नाही. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी याच पाण्यात कुगावहून कळाशीला येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसं बुडाली. ती सहलीची होडी नव्हती. कामाधंद्याला, पाव्हण्यारावळ्यांकडं जाणारी माणसं होती. कुगाव करमाळा तालुक्यात, कळाशी इंदापूरमध्ये. धरणाआधी मधे नदी होती, आता मैलोन्‌मैल पाणी, आणि रस्त्यानं जायचं तर भला मोठा वळसा. म्हणून माणसं होडीत बसतात. पुलाची मागणी जुनी आहे, आणि दुर्घटनेनंतर तिला जोर आला.

आम्ही धक्क्यावर उभं राहून पलीकडचा काठ बघितला. समोर झाडं ओळखू येत होती, एका घराचा पत्रा चमकत होता. पलीकडं मुलगी दिलेली एक बाई होडीच्या चौकशीला आली होती, वारा बघून माघारी फिरली. हातात डबा होता. आमच्यातल्या कुणीतरी तिला बसनं इंदापुरापर्यंत सोडू का विचारलं. ती हसली. इंदापूर तिच्या वाटेवर कुठं?

इंदापूर थोडक्यात उरकलं, आणि त्यावर वाद झाला. मालोजीराजांची गढी अंधार पडायच्या आत बघायची की चिंचा? शिवाजी महाराजांचे आजोबा इथल्याच लढाईत पडले, त्यामुळं गढीला पहिला मान होता. पण मत चिंचांकडं झुकलं. तहसील कचेरीजवळच्या चिंचांवर चित्रबलाकांची सारंगार असते. ही मोठाली करकोच्यासारखी पाखरं, शेपटीकडच्या पिसांवर गुलाबी शिंतोडे, माणसांच्या डोक्यावर बिनदिक्कत घरटी बांधतात. खाली मोटारसायकली पांढऱ्या ठिपक्यांनी रंगलेल्या. एक गृहस्थ सात-बाराचा कागद छातीशी धरून झाडाखालून पळत गेले. पुणेकरांना अखेर हवे तसे फोटो मिळाले, उजनीच्या टक्क्यांची परवानगी न घेता.

परतीची वाट पालखीचीच, उलट्या दिशेनं : निमगाव केतकी, लासुर्णे, बेलवाडी, भवानीनगर. कारखान्याच्या वळणावर उसाच्या ट्रॅक्टरांमागं बराच वेळ अडकलो. सगळे पेंगले होते. काका तेवढे जागे, ड्रायव्हरला कालव्याचं आवर्तन समजावत.

रविवार, काटेवाडी

सकाळी वाटाड्या मोटारसायकलवरून आला. नवीन पत्रक छापायचंय, दुरुस्त्या सांगा म्हणाला. मी म्हटलं, देवळाचा फोटो काढून टाक, लोक फसल्यासारखे होतात. तो म्हणाला, देवळाच्या फोटोवरच तर लोक येतात. दोघांचंही खरं होतं. त्यानं महिन्यांचा तक्ता केला होता : डिसेंबर ते फेब्रुवारी फ्लेमिंगो, एप्रिल-मे देऊळ, चित्रबलाक मधल्या काळात. तक्ता घेऊन आम्ही अभियंता काकांकडं गेलो, ते अंगणात पेपर वाचत होते.

त्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि खिशातलं पेन काढून महिन्यांवर काट मारली. "महिने कशाला छापतोस? टक्के छाप." मग स्वतःच लिहायला लागले. प्लसमध्ये असेल तर होडी लांबपर्यंत, मासे भरपूर, देऊळ नाही. शून्याच्या आसपास फ्लेमिंगो. मायनस वीसपासून पुढं शिखर बघायला चला म्हण, आणि मायनस पन्नासच्या पुढं, त्यांनी पेन थांबवून विचार केला, "पन्नासच्या पुढं सहल काढू नकोस. तेव्हा टँकर लागतात, तुझी बस रस्त्यात नको."

पोरानं शेवटची ओळ सोडून बाकी सगळं मोबाइलमध्ये उतरवून घेतलं.

उद्या नीरा नरसिंहपूर, जिथं भीमा आणि नीरा अखेर भेटतात.

(क्रमशः)