केपटाउनहून दोन पत्रं

केपटाउन, मंगळवार

ती. आप्पांस सा. न.

सुखरूप पोचलो. घरातल्या वस्तूंची नोंद करून त्यांची मांडणी आखण्याचं माझं काम ग्रूट कॉन्स्टान्शिया इथे आहे. टेबल माउंटनच्या मागल्या अंगाला द्राक्षमळा आणि मळ्यात मालकाचं जुनं डच घर. डच ईस्ट इंडिया कंपनीने ही जमीन १६८५ साली केपचा कारभारी सिमोन व्हान डर स्टेल याला दिली. घराचा आजचा थाट मात्र बराचसा १७७८ साली मळा विकत घेणाऱ्या हेंड्रिक क्लूतीचा. चुन्याच्या पांढऱ्या भिंती, जाड गवती छप्पर, दर्शनी दारावर चढत गेलेली नक्षीदार त्रिकोणी भिंत आणि तिच्या कोनाड्यात सुबत्तेची मूर्ती, अँटोन आनराइटने घडवलेली म्हणतात. नेपोलियनला इथली वाईन सेंट हेलेनावर जायची, हे इथे जो भेटेल तो सांगतो.

आतली नोंद किचकट आहे. डिसेंबर १९२५ मध्ये घराला आग लागली. पुढे केंडल या वास्तुकाराने ते पुन्हा उभं केलं आणि अल्फ्रेड डी पास यांनी दिलेल्या सामानाने ते सजलं. म्हणून माझ्या वहीत प्रत्येक वस्तूपुढे एकच प्रश्न: इथलीच, की मागाहून आणलेली? आज एका कपाटापाशी बराच वेळ गेला. चौकट काळपट स्टिंकवुडची (हे लाकूड ताजं कापलं की घाण वास मारतं म्हणे), फळ्या पिवळ्याधमक यलोवुडच्या. सुरेख काम, पण क्लूतींच्या घरातलं म्हणून ते दाखवता येणार नाही. मला हे घर थोडं नाटकाच्या नेपथ्यासारखं वाटतं.

केपटाउन, शुक्रवार

ती. आप्पांस सा. न.

कंपनीच्या काळी केपमध्ये माणूस मेला की पुष्कळदा त्याच्या मालमत्तेची यादी व्हायची, बहुधा खोलीवार: पुढची खोली, स्वयंपाकघर, कोठार. त्या काळच्या अशा याद्या पुष्कळ टिकल्या आहेत. जुनं घर आतून कसं होतं हे कळायला त्यांच्यासारखा कागद नाही. वाचताना मात्र पोटात ढवळतं. खुर्च्या, तांब्याची भांडी, गुरं आणि त्याच कागदावर गुलाम, कधी किमतीसकट. अमुक बंगालचा, तमुक मलबारची. गाव, आडनाव काही नाही. द्राक्षं लावली, चुना फासला, चूल पेटवली ती या लोकांनी. कायद्याने गुलामी १८३४ मध्ये संपली, प्रत्यक्ष सुटका व्हायला १८३८ उजाडलं.

आणि गंमत अशी की खुद्द व्हान डर स्टेलची आजी मोनिका गोव्याच्या किनाऱ्यावरची, गुलामीतून सुटलेली बाई. नातवाने मात्र गुलाम राबवूनच मळा उभा केला.

मांडणीच्या माझ्या आराखड्यात स्वयंपाकघराला दिवाणखान्याइतकीच जागा देतोय. कुणी हरकत घेतली तरी ती काढणार नाही.

एक काम सांगतो. आपल्या घरी पिढ्यान्पिढ्या राबलेल्या गडीमाणसांची पुरी नावं, गावं तुम्हाला आणि काकूला आठवतात. या उन्हाळ्यात ती वहीत उतरवून ठेवा.

तुमचा,
बाळ